बापाचं आडनाव आणि दगडाचा सांधा



मागच्या व्याख्यानात आम्ही ‘संस्कृतींचा संगम’ असे शब्द वापरले आणि पुढे निघून गेलो. नंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली. कराडला कृष्णा आणि कोयना मिळतात, त्याला आपण प्रीतिसंगम म्हणतो. पण पुढे वाहते ती कृष्णाच. मग कोयनेचं काय झालं, असा त्यांचा प्रश्न होता. एकत्व आणि अनेकत्व यांवर तत्त्वज्ञानाच्या वर्गात तासन्‌तास बोलता येतं, आणि आम्ही ते पुष्कळ वर्षं केलंही आहे. पण आज त्या वाटेने जायचं नाही. आज एका शिल्पकाराचा इतिहास सांगायचा आहे. त्याच्या घरातच दोन देश होते, आणि दोन्ही देशांनी त्याला वेळोवेळी दाराबाहेर उभं केलं होतं. नाव इसामू नोगुची. जन्म 1904, मृत्यू 1988. एवढं मोठं आयुष्य एका तासात बसणार नाही, आणि पुढच्या यशाच्या गोष्टी आम्हाला तितक्या महत्त्वाच्याही वाटत नाहीत. आपण पाहणार आहोत तो घडण्याचा काळ, साधारण 1924 ते 1952.

नोगुचीबद्दल कुठेही वाचा, ‘पूर्व आणि पश्चिम यांचा मिलाफ’ हे शब्द पहिल्या परिच्छेदात हटकून भेटतात. ते शब्द समीक्षकांनी त्याच्यावर लादले, असं आपल्याला वाटेल. तसं नाही. बाविसाव्या वर्षी त्याने स्वतःच शिष्यवृत्तीच्या अर्जात त्या आशयाचं लिहून दिलं होतं. पुढची पंचवीस वर्षं म्हणजे ते वाक्य आयुष्यात कसं टिकलं नाही, याची हकीकत आहे.

आधी आईबाप पाहू. वडील योने नोगुची, जपानी कवी. तरुणपणी अमेरिकेत गेले, इंग्रजीत कविता लिहू लागले आणि तिकडे त्यांचं नाव झालं. आई लिओनी गिल्मोर, अमेरिकन, चांगली शिकलेली, लेखन-संपादन करणारी. योने यांची इंग्रजी कविता छापायला जाण्याआधी तिच्या हाताखालून जात असे. पूर्वेचा आवाज पश्चिमेला ऐकवणारा कवी म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्यांचं इंग्रजी एका पश्चिमेच्या बाईने नीट केलेलं होतं. रीतसर लग्न झालेलं नव्हतं. मुलगा लॉस एंजेलिसला 1904 च्या नोव्हेंबरात जन्मला, त्याच्या आधीच वडील जपानला परतले होते. 1907 मध्ये आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जपानला पोचली, तर तिथे वडिलांचा दुसरा संसार सुरू झालेला.

आई तरीही जपानमध्ये राहिली. शिकवण्या करून तिने मुलाला वाढवलं. चिगासाकी या समुद्रकाठच्या गावी तिने एक लहानसं घर बांधायला काढलं आणि आठ-नऊ वर्षांच्या पोराला कामावर लक्ष ठेवायला लावलं. तिथल्या सुताराकडे त्याला हत्यारं धरायलाही शिकायला घातलं. जपानी सुतारकामात लाकडाला लाकूड खाचांनी जोडतात, खिळ्यांवर भिस्त ठेवत नाहीत. ही गोष्ट बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

1918 मध्ये, तेरा वर्षांचा असताना, आईने त्याला एकट्याला अमेरिकेला पाठवलं. इंडियाना राज्यात हाताने काम करून शिकवणारी एक शाळा होती. मुलगा पोचल्यावर लवकरच ती बंद पडली, जागा सैन्याकडे गेली. शाळेचे संस्थापक एडवर्ड रमली यांनी त्याची सोय केली. तिथे तो सॅम गिल्मोर या नावाने वावरला, याच नावाने शालान्त परीक्षा पास झाला. जपानमध्ये तो परदेशी बाईचा मुलगा, आणि इंडियानात सॅम. मंडळी, आपल्याकडे अशा माणसाला ‘धड ना इकडचा, धड ना तिकडचा’ म्हणतात. म्हणणारा स्वतः ‘धड इकडचा’ असतो, म्हणून त्याला हे सुचतं. आपल्या परंपरेत मिसळणीला ‘संकर’ हा शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरला गेला आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला जी अनेक भयं वाटतात, त्यांत वर्णसंकराचं भय ठळक आहे. असो.

मूर्तिकलेची सुरुवात चांगली झाली नाही. माउंट रशमोरच्या डोंगरावर राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणारे गटझन बॉर्ग्लम, त्यांच्याकडे हा मुलगा 1922 च्या उन्हाळ्यात उमेदवारीला होता. तुझ्याने शिल्पकार होणं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मग तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात वैद्यकीच्या तयारीचे विषय घेऊन बसला. गंमत अशी की त्याला वैद्यकीतून बाहेर ढकलणाऱ्यांत एक प्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ होता, हिदेयो नोगुची. आडनावबंधू, नातं काही नाही. वडिलांसारखा कलावंत हो, असा सल्ला त्याने दिला. तोवर आईही न्यूयॉर्कला आली होती. तिने लिओनार्दो दा विंची नावाच्या एका कलाशाळेच्या रात्रवर्गाचा आग्रह धरला. हे 1924 साल. तिथले ओनोरिओ रूओतोलो यांनी पोराचा हात ओळखला आणि तीन महिन्यांत त्याचं प्रदर्शन लावलं.

आणि याच सुमारास त्याने आडनाव बदललं. गिल्मोर टाकलं, नोगुची घेतलं. ज्या आईने वाढवलं, घर बांधून दाखवलं, कलाशाळेच्या दारापर्यंत आणलं, तिचं नाव गेलं. जन्माआधी निघून गेलेल्या बापाचं आलं. आम्हाला हा निर्णय समजतो आणि खटकतोही. समजतो, कारण कलावंत व्हायचं तर कवीचं नाव हवं, असं विशी न गाठलेल्या मुलाला वाटणं साहजिक आहे. खटकतो, कारण बापाच्या त्या नावामागेही गिल्मोरबाईंचीच लेखणी होती. चिठ्ठी पाठवणाऱ्या श्रोत्यांना कोयना इथे दिसेल.

1926 मध्ये त्याने न्यूयॉर्कला ब्रांकुशीचं प्रदर्शन पाहिलं. ब्रांकुशी मूळचा रुमानियाचा, पॅरिसला राहणारा. पक्षी करायचा तर पिसं न करता भरारीच करायची, असं काम. ते पाहून हा हलला. त्याने गुगेनहाइम शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, आणि आम्ही म्हणालो तो मजकूर त्या अर्जात आहे. आशय असा: माझे वडील कवितेतून पूर्वेचा अर्थ पश्चिमेला सांगत आले, मला तेच शिल्पातून करायचं आहे. आधी पॅरिस, मग हिंदुस्थान, चीन, जपान असा बेत होता. शिष्यवृत्ती 1927 मध्ये मिळाली.

जरा या अर्जाजवळ थांबू. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना काय आवडेल, हे त्या मुलाला कळत होतं, यात शंका नाही. मिश्र घरातल्या माणसाने ‘मी दुभाष्या’ असं म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं. पण दुभाष्याच्या भूमिकेत एक गृहीतक दडलेलं असतं: दोन बाजू आधीच ठरलेल्या आहेत, पक्क्या आहेत, आणि आपण मधे आहोत. प्रत्यक्षात त्याच्यापाशी पक्कं काय होतं? जपानी भाषा लहानपणची, तीही मागे पडत चाललेली. पूर्वेचा अर्थ सांगणार म्हणणाऱ्याने पूर्व सोडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

पॅरिसला तो ब्रांकुशीच्या हाताखाली काही महिने राबला. गुरूला इंग्रजी येत नव्हतं, शिष्याला फ्रेंच येत नव्हतं. शिकवणं खुणांनी आणि नजरेने. चुनखडीचा ठोकळा सरळ कसा करायचा, कड काटेकोर कशी काढायची, हत्यार कसं निगुतीने ठेवायचं, हे धडे. आम्हाला यात एक मोठी गोष्ट दिसते. ज्याला दुभाष्या व्हायचं होतं, त्याला खरी विद्या जिथे मिळाली तिथे भाषाच नव्हती, दगड होता.

1929 मध्ये परत न्यूयॉर्क. पॅरिसची अमूर्त कामं मांडली, एकही विकलं गेलं नाही. पोटासाठी लोकांची मस्तकं घडवू लागला. नर्तिका मार्था ग्रॅहम, बकमिन्स्टर फुलर, आणि पैसेवाले बरेच. त्यातून गाठीला पैसे जमले तेव्हा 1930 मध्ये तो पूर्वेकडे निघाला. पॅरिसमध्ये असताना वडिलांचं पत्र आलं: माझं नाव लावून जपानला येऊ नकोस.

या एका ओळीने शिष्यवृत्तीचा अर्ज उलटा झाला. ज्या नावाच्या भरवशावर पूर्वेचा वारसा सांगायचा, तेच नाव वापरायला बंदी. तो सैबेरियाच्या रेल्वेने गेला, पण उतरला पेकिंगला. तिथे ची बाइशी या थोर चित्रकारापाशी काही महिने शाईचा कुंचला चालवायला शिकला. 1931 च्या सुरुवातीला मात्र तो जपानला गेलाच. वर्तमानपत्रांनी ‘पित्याच्या ओढीने आलेला मुलगा’ अशी बातमी रंगवली. बापलेकांची भेट अवघडलेली झाली. मायेने जवळ केलं ते काका ताकागी यांनी. त्यांचं मस्तक त्याने घडवलं.

मग तो क्योटोला गेला, उनो जिनमात्सू या कुंभाराच्या भट्टीवर काम करू लागला. तिथल्या संग्रहालयात त्याला ‘हानिवा’ भेटल्या. प्राचीन जपानात थडग्यांच्या टेकाडांवर मांडलेल्या या मातीच्या आकृती. पोकळ नळ्यांसारखी अंगं, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं, आणि तरीही माणसं. त्या वर्षीचं त्याचं ‘राणी’ नावाचं भाजक्या मातीचं शिल्प पाहिलं की ही ओळख कळते. आमच्या मते जपानी वारसा त्याच्या हाती आला तो इथे. वडील जिथे राहत त्या वाङ्मयीन जपानमध्ये त्याला जागा नव्हती. कुंभाराच्या आळीत होती, आणि तिथे आडनाव कोणी विचारत नव्हतं.

अमेरिकेत परतल्यावर 1934 मध्ये त्याने धातूची एक आकृती केली. टेक्ससमध्ये जमावाने जाळलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाच्या छायाचित्रावरून, गळफासाला लटकलेला, आक्रसलेला देह. पुढच्या वर्षी ती न्यूयॉर्कला मांडली. एका नामांकित समीक्षकाने तिची संभावना ‘जपानी चूक’ अशा शब्दांत केली. पाहा कसं असतं. दगडातून पूर्व दाखवली तर कौतुक. अमेरिकेच्या पोटातलं दाखवलं की कलावंत लगेच जपानी झाला. दुभाष्याने दुसऱ्या बाजूचंच बोलावं, आपल्या बाजूचं बोलू नये, हा अलिखित करार असतो.

आता थोडं वडिलांकडे वळू, कारण इथे आपल्या देशाचा संबंध येतो. योने नोगुची 1935 मध्ये हिंदुस्थानात व्याख्यानांसाठी आले होते, रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता. 1938 मध्ये जपानचं चीनवरचं आक्रमण चालू असताना त्यांनी रवींद्रनाथांना पत्र लिहिलं. हे युद्ध आशियाच्या भल्यासाठी आहे, आशिया आशियावासीयांचा व्हावा म्हणून आहे, असा युक्तिवाद केला. रवींद्रनाथांनी 1916 मध्येच जपानमध्ये जाऊन राष्ट्रवादावर कडक बोल सुनावले होते. त्यांचं उत्तर स्नेहाचं, पण जराही मुलाहिजा न ठेवणारं होतं. जपानी लोकांवर माझं प्रेम आहे आणि म्हणूनच मी त्यांच्या विजयाची इच्छा करू शकत नाही, त्यांना पश्चात्ताप व्हावा अशी इच्छा करतो, असा त्याचा मथितार्थ. पूर्वेच्या वतीने बोलायची सवय लागलेला एक हळवा कवी शेवटी सैन्याच्या वतीने बोलू लागला. ‘मी एका संस्कृतीचा प्रतिनिधी’ ही भूमिका माणसाला कुठवर नेते, ते इथे दिसतं. मुलालाही ती भूमिका हवी होती. बापाने नाव नाकारलं, हे एका अर्थी त्याच्या पथ्यावर पडलं, असं आम्ही म्हटलं तर फार कठोर होईल का?

डिसेंबर 1941. पर्ल हार्बर. 19 फेब्रुवारी 1942 ला राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. नोगुची न्यूयॉर्कचा रहिवासी, त्याला हुकूम लागू नव्हता. तो आपणहून गेला. मे 1942 मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात, पोस्टनच्या छावणीत.

ही छावणी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनीवर उभी केली होती. त्यांच्या जमातीच्या पंचायतीचा विरोध होता, तो मोडून. पोस्टनची वस्ती सतरा हजारांवर गेली. मूळ रहिवाशांच्या खात्याचे आयुक्त जॉन कॉलियर यांची कल्पना अशी की इथे एक आदर्श गाव वसवता येईल. नोगुचीने त्यासाठी बागा, खेळाची मैदानं, पोहण्याचे तलाव, स्मशानभूमी यांचे आराखडे काढले. एकही बांधला गेला नाही. छावणीच्या अधिकाऱ्यांना तो कैद्यांतला एक वाटे, कैद्यांना अधिकाऱ्यांचा माणूस वाटे. तिथली बरीचशी माणसं शेतकरी होती, न्यूयॉर्कच्या कलावंताशी त्यांनी काय बोलायचं? आणि गंमत नव्हे, थट्टा म्हणा: आपणहून आत गेलेल्या माणसाला बाहेर पडायला परवानगी मिळेना. नोव्हेंबरमध्ये तात्पुरती रजा मिळाली. तो परत गेला नाही.

न्यूयॉर्कमध्ये त्याला संगमरवराच्या लाद्या मिळाल्या. इमारतींच्या भिंतींना बाहेरून लावायच्या लाद्या. दगडाच्या मोठ्या ठोकळ्यापेक्षा स्वस्त. पातळ लादीत गोल, भरीव शरीर कोरता येत नाही. मग त्याने कागद कापून लहान नमुने केले, आणि त्यावरून लाद्यांचे वेडेवाकडे तुकडे कापून एकमेकांच्या खाचांत बसवले. यातलं मोठं काम म्हणजे 1944-45 चं ‘कूरोस’. गुलाबी संगमरवर, उंची जवळपास दहा फूट, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. नाव ग्रीक, कूरोस म्हणजे तरुण, प्राचीन ग्रीसमध्ये एक पाय पुढे टाकून ताठ उभ्या राहिलेल्या तरुणांच्या मूर्तींना हे नाव आहे. नोगुचीचा तरुण हाडांच्या जुळणीसारखा दिसतो. आणि त्यात गोंद नाही. एका तुकड्याचं वजन दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, आणि सगळी आकृती आपल्याच भाराने उभी. एक लादी काढा, सगळं खाली येईल.

चिगासाकीचा सुतार आठवा. दगड पश्चिमेचा, नाव ग्रीक, सांधा जपानी सुताराचा, असं म्हणून ‘मिलाफ’ सिद्ध करण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. मिलाफात घटक विरघळतात. साखर दुधात गेली की वेगळी काढून दाखवता येत नाही. कूरोसमध्ये एकही तुकडा विरघळलेला नाही. प्रत्येकाची कड स्वच्छ दिसते, प्रत्येकात दुसऱ्यासाठी कापलेली खाच दिसते. खाच म्हणजे दगडातून काढून टाकलेला भाग, तो भाग गेल्याशिवाय जोड बसत नाही. आमच्या परिभाषेत सांगायचं तर हा संयोग आहे, समवाय नव्हे. वैशेषिकांच्या मते संयोगात वस्तू वेगळ्याच राहतात आणि तो मोडू शकतो. पोस्टनहून आलेल्या माणसाला मोडू शकणाऱ्या जोडाइतकं खरं दुसरं काय वाटणार?

त्यानंतर 1949 मध्ये एका शिष्यवृत्तीवर तो जग पाहायला निघाला. हिंदुस्थानात आला, इथले जंतरमंतर त्याने छायाचित्रांत टिपले. मूर्तीच्या आत माणसाने चढावं, उतरावं, सावली मोजावी, ही कल्पना त्याच्या मनात पुष्कळ रेंगाळली. 1950 मध्ये तो एकोणीस वर्षांनी जपानला पोचला. वडील 1947 मध्ये वारले होते. ते जिथे आयुष्यभर शिकवत होते त्या केइओ विद्यापीठाच्या इमारती युद्धात बेचिराख झाल्या होत्या. विद्यापीठाने नोगुचीला प्राध्यापकांच्या बैठकीसाठी एक दालन करायला सांगितलं, वडिलांच्या स्मरणार्थ. ज्याचं नाव लावू नको म्हणाले, त्यानेच त्यांच्या नावाचं दालन सजवलं. वास्तुकार योशिरो तानिगुची यांच्याबरोबर 1951 मध्ये ते पुरं झालं. गिफू गावच्या कंदिलांवरून त्याने कागदी दिवे करायला घेतले तेही त्याच वर्षी.

आणि हिरोशिमा. शांतता उद्यानाचे वास्तुकार केन्झो तांगे यांनी आधी त्याला दोन पुलांचे कठडे दिले. मग बळी पडलेल्यांच्या स्मारकाचा आराखडा करायला सांगितलं. त्याची कल्पना काळ्या ग्रॅनाइटच्या एका जाड कमानीची होती. तिचे पाय जमिनीत खोल उतरलेले, आणि खाली भूगर्भातल्या खोलीत मृतांची नावं. जमिनीवर दिसतं त्याहून अधिक जमिनीखाली. समितीने तो आराखडा नाकारला. बॉम्ब टाकणाऱ्या देशाच्या नागरिकाने हे स्मारक करावं, हे समितीला रुचलं नाही. दहा वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात जपान आहे म्हणून अमेरिकेत तारेचं कुंपण. आता त्याच्या पारपत्रावर अमेरिका आहे म्हणून जपानमध्ये नकार. यात समितीला दोष देणं सोपं आहे. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांच्या शहराची ती समिती होती. त्यांचा नकार आम्हाला पोस्टनच्या पंगतीत बसवता येत नाही. नोगुचीला मात्र तो नकार आयुष्यभर लागून राहिला.

तांगे यांनी घाईने स्वतःच दुसरा आराखडा केला. 6 ऑगस्ट 1952 ला ते स्मारक उघडलं. त्याचा आकार हानिवातल्या घराच्या छपरावरून घेतलेला आहे, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी नोगुची ज्या मातीच्या आकृतींपाशी थांबला होता त्यांच्यातूनच.

पुलांचे कठडे मात्र त्याचेच राहिले. काँक्रीटचे आहेत. एकाच्या टोकाला उगवत्या सूर्यासारखा अर्धगोल, दुसरा नावेच्या फासळ्यांसारखा. त्याने पहिल्याला नाव दिलं होतं ‘जगणं’ आणि दुसऱ्याला ‘मरणं’. नंतर ती नावं बदलली. आता पहिल्याचं नाव ‘घडवणं’ आणि दुसऱ्याचं ‘निघणं’ असं आहे.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.